बंडीनं मार्कंड्याला

महाशिवरात्रीच्या जत्रेला आपल्याकडून मार्कंड्याला बैलबंड्या जायच्या. बंडी म्हणजे चालतं घरच: खाली तणस, वर ताट्याचं छप्पर, मागं चारा नि भांडी. बैलांची चाल तासाला तीन-चार किलोमीटर, म्हणून वाटेत मुक्काम आलाच. वैनगंगा उत्तरेकडे वळते तिथं देऊळ. शिवरात्रीचा उपास सुटला की काठावर गोवऱ्यांवर पानगे भाजायचे.

आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसतात. ट्रॉली मालासाठी असते. उलटली तर धरायला काही नाही. आम्ही गटात बंडीच सांगतो. मात्र आपला मुलूख वाघाचा. दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं, जंगलात बंडी सोडायची नाही, लेकरं बंडीतच झोपवायची. परसाकडं एकटीनं जायचं नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. म्हणून चौघींनी, बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत जायचं. लाजायचं काय त्यात?