खिशातला प्लेअर निवडताना

ॲपलने २००१मध्ये आणलेला आयपॉड मे २०२२मध्ये बंद केला; पण निव्वळ संगीत ऐकण्यासाठीचे प्लेअर आजही मिळतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने दुकानात आधी एक गोष्ट तपासावी: एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना आवाज तुटतो का? अनेक सीडींवर विलंबित आणि द्रुत ख्याल सलग गायलेले असूनही वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये असतात. ‘गॅपलेस’ची सोय नसेल तर नेमक्या त्या वळणावर क्षणभर सगळं थांबतं आणि चढलेला रंग उतरतो. आपल्याच फाइली मेमरी कार्डावर घालून न्याव्यात आणि तिथेच ऐकून पाहावं.

मग जागा. सीडीवरचं तासाभराचं गाणं जसंच्या तसं उतरवलं तर सुमारे ६३५ एमबी होतं. फ्लॅक प्रकारच्या फाइलीत ते बहुतेकदा निम्म्याच्या आसपास येतं आणि मूळ ध्वनीतलं काहीही गळत नाही. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला साधारण १४४ एमबी पुरतात, पण गाळलेला तपशील परत मिळत नाही. संग्रह फ्लॅकमध्येच करावा. त्यासाठी मेमरी कार्ड घालता येणारा प्लेअर हवा.

सीडीपेक्षा बारीक ध्वनीच्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. ७८ आरपीएमच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांना तर त्याचा काहीच उपयोग नाही. ते पैसे चांगल्या हेडफोनला द्यावेत. आणि बटणं हवीतच: खिशातल्या खिशात, न बघता आवाज कमी करता आला पाहिजे.