वृद्ध कुत्र्यांची सांधेदुखी: केवळ वयाचा दोष नव्हे

जयपूरमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. घरांतील संगमरवरी फरशी तेव्हा गारठलेली असते आणि गुळगुळीत तर ती बाराही महिने असते. अशा सकाळी घरातील वृद्ध कुत्रा उठताना अडखळतो, जिना चढण्यास कचरतो. ‘वय झाले’ असे म्हणून घरची मंडळी त्याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात ही बहुधा संधिवाताची लक्षणे असतात आणि त्याच्या वेदना कमी करता येतात.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की सांध्याला सूज येते व हालचाल वेदनादायक होते. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याची आनुवंशिक सदोष रचना हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. कुत्रा या वेदनेने क्वचितच ओरडतो. उड्या मारणे सोडणे, एकच सांधा सतत चाटणे, स्पर्श होताच गुरगुरणे या खुणांवरून दुखणे ओळखावे लागते.

प्रतिबंधाचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे वजनावर नियंत्रण. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या कुत्र्यांना २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. ती सुमारे दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरजही उशिरा भासली.

माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कदापि देऊ नयेत. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकमुळे जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. पशुवैद्यक कुत्र्याचे वजन आणि यकृत-मूत्रपिंडांची स्थिती पाहून मेलॉक्सिकॅमसारख्या औषधाची मात्रा ठरवतात.

घरातील व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची आहे. फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी, झोपण्यासाठी जाड व उबदार गादी द्यावी आणि नखे वेळेवर कापावीत. एकदाच लांबवर नेण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे फिरवावे. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या रस्त्यावर नेणे टाळून पहाटेची वेळ निवडावी. व्यायाम पूर्णपणे बंद केल्यास स्नायू दुबळे होतात आणि सांध्यांवरील भार वाढतो.

लक्षणे दिसताच तपासणी करून घेतल्यास कुत्र्याची अखेरची वर्षे बऱ्याच अंशी सुसह्य होऊ शकतात.