परिचारिकांच्या मनावरचे ओझे आणि रिक्त पदे

हिंगोली हा मराठवाड्यातील एक लहान जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेबारा लाख लोकसंख्या. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते २०२४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे साथीचा मोठा भार जिल्हा सामान्य रुग्णालयावर पडला, आणि रुग्णालयात तो चोवीस तास वाहिला तो परिचारिकांनी.

एप्रिल व मे २०२० मध्ये मालेगाव आणि मुंबई येथील बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या अनेक जवानांना हिंगोलीत संसर्ग झाल्याचे आढळले. लहान जिल्ह्यात रुग्णसंख्या एकाएकी वाढली की काय होते, याचे ते पहिले दर्शन होते. खाटा वाढविता येतात, वसतिगृहाचे किंवा मंगल कार्यालयाचे रूपांतर उपचार केंद्रात करता येते. प्रशिक्षित परिचारिका मात्र एका रात्रीत घडविता येत नाही. मग आहेत त्यांच्याच पाळ्या लांबतात आणि रजा रद्द होतात.

आकड्यांचा हिशेब

हा ताण समजून घेण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकांनुसार सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. म्हणजे ३० खाटांच्या कक्षाला सहा परिचारिका आणि प्रत्येक पाळीत दोन. याचाच अर्थ, मानक तंतोतंत पाळले तरी एकीकडे १५ रुग्ण येतात. साप्ताहिक सुटी, रजा व आजारपण यांसाठी ३० टक्के जादा पदे राखीव असावीत, असे हेच मानक सांगते. ही राखीव पदे नसतील आणि मंजूर पदांपैकीही काही रिक्त असतील, तर रात्रपाळीत ३० रुग्णांमागे एकच परिचारिका उरते. साथीत त्यातलीच एखादी बाधित झाली, की तिचे काम दुसरीच्या अंगावर येते.

त्यात भर पडते ती संरक्षक पोशाखाची. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. अशा उकाड्यात तो पोशाख चढविल्यावर पाळी संपेपर्यंत पाणी पिता येत नाही, स्वच्छतागृहात जाता येत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत हा त्रास दुपटीने वाढतो.

थकवा आणि अपराधभाव

मानसशास्त्र येथे दोन अवस्थांत फरक करते. पहिली, कामाने आलेली संपूर्ण शक्तिहीनता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली. माणूस गळून जातो, कामाविषयी कोरडेपणा येतो आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असे वाटू लागते.

दुसरी अवस्था अधिक खोल जखम करते. तिला नैतिक आघात म्हणतात. योग्य काय ते ठाऊक असते, पण परिस्थिती ते करू देत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्यभर प्राणवायूचा तुटवडा होता. एकाच वेळी दोन रुग्ण अत्यवस्थ झाले तर आधी कोणाकडे धावायचे, हा प्रश्न त्या घटकेला सुटतो. परंतु ज्याच्याकडे जाता आले नाही त्याचा चेहरा पुढे अनेक रात्री झोप उडवतो. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. त्यामुळे मरणाऱ्याचा हात धरणारी आणि घरच्यांशी त्याचे शेवटचे बोलणे मोबाइलवर करून देणारीही परिचारिकाच होती. पाळी संपवून घरी गेल्यावर लेकराला जवळ घेण्याचीही तिला भीती वाटे.

गौरव पुरेसा नाही

सेवेचा आदर महाराष्ट्राला नवा नाही. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला. पण त्यागाचा गौरव करताना कामाच्या अटींचा विसर पडू नये. २२ मार्च २०२० रोजी देशाने टाळ्या-थाळ्या वाजविल्या. मात्र त्याच वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि विलगीकरणाचा काळ रजा धरावा की कामाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्यांना ‘कोविड योद्धा’ म्हटले त्या राज्यातील परिचारिकांना मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप करावा लागला.

समुपदेशनाची गरज आहेच. परंतु लहान जिल्ह्यात एक अडचण असते. ज्या रुग्णालयात नोकरी, तेथीलच मानसोपचार विभागाच्या दारात परिचारिकेने बसायचे तर सहकाऱ्यांत चर्चा होणार. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा अशा वेळी उपयोगी ठरते. तेथे मराठीतून बोलता येते आणि कोणाच्या नजरेस पडावे लागत नाही.

तथापि दूरध्वनीवरील धीराच्या शब्दांनी रात्रपाळीतील दुसरी जागा भरत नाही. रिक्त पदे भरणे, रजेसाठीची राखीव पदे प्रत्यक्षात निर्माण करणे, संरक्षक पोशाखातील पाळी लहान ठेवणे आणि अतिदक्षता कक्षातील कामानंतर सक्तीची विश्रांती देणे हे मानसिक आरोग्याचेच उपाय होत. ते साथ नसतानाच योजावे लागतात. पुढची साथ कधी येईल हे कोणाच्या हाती नाही. त्या वेळी परिचारिकेला एक दिवसाची रजा मिळेल की नाही, हे मात्र आजच्या पदभरतीवर ठरते.