गायरानातली येडी बाभूळ

बदनापूरच्या शिवारात मृगाचा पाऊस पडून गेला की आठ-दहा दिवसांत मूग दोन पानांवर येतो, आणि त्याच सुमाराला एखाद्या पहाटे धुऱ्यावर खुरांच्या खुणा दिसतात. ओल्या काळ्या मातीत जोडीजोडीनं उमटलेले टोकदार ठसे. माझे सासरे, आण्णा, त्या ठशांपाशी उकिडवे बसत आणि रात्री किती जनावरं येऊन गेली ते सांगत. त्यांनी हरणांना शिवी दिलेली मी कधी ऐकली नाही. "त्यांचं रान आपण खाल्लं, आता ते आपलं खातेत," एवढंच म्हणायचे आणि दुबार पेरणीचं बियाणं काढायला घराकडे वळायचे.

त्यांचं रान म्हणजे आमच्या शेताला लागून असलेलं गायरान. १९८४ साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ते उघडं होतं. दिवाळीपर्यंत कुसळी पिकून तांबूस व्हायची आणि पायवाटेनं चाललं की लुगड्याचा काठ कुसळांनी भरून जायचा. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, बत्तीस वर्षं शिकवलं, आणि दर पावसाळ्यात पोरांना रांगेनं त्याच गायरानात नेऊन खड्डे खणवले. सुबाभूळ लावली, उंदीरमारी लावली. झाड लावणं पुण्याचं आणि तोडणं पापाचं, हे मी मनापासून शिकवलं. आज मी म्हणते आहे की माळावरची काही झाडं मुळासकट काढायला हवीत, आणि ती हरणांसाठी काढायला हवीत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हे वाचून धक्का बसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण ज्याला हरीण म्हणतो ते आपल्याकडचं जनावर म्हणजे काळवीट. शास्त्राच्या भाषेत ते हरीण नव्हे, कुरंग. चितळ-सांबराच्या नराची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची पिळाची शिंगं जन्मभर टिकतात, आणि ती सहसा नरालाच असतात. खरा फरक आहे तो राहणीत. चितळ झाडीच्या आसऱ्यानं राहतं. काळवीट उघड्यावर राहतं, मुख्यतः गवतावर जगतं आणि नजरेच्या जोरावर वाचतं. लांबवर काही हललं की कळपातली एखादी मादी मान वर करते, मग एक उंच उसळी, आणि पाठोपाठ सगळा कळप ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो. या वेगापुढे टिकणारा शिकारी एकच होता, चित्ता. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा तिथे आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. चित्ता देशातून संपला, काळवीट उरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीत घातलं आणि त्याची शिकार गुन्हा ठरली.

पण बंदूक थांबली म्हणून माळ वाचला नाही. इंग्रजांच्या कागदावर जी जमीन पिकत नव्हती ती पडीक ठरली आणि गवताळ माळही त्याच रकान्यात गेला. पडीक म्हटलं की काहीतरी लावून भरून काढायचं, हा विचार आजही तसाच आहे. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प झाला, तेव्हाही गावोगावी खड्ड्यांसाठी पहिली नजर गायरानाकडेच गेली. तिथे आधीपासून काही उगवतं आहे, त्याला नावं आहेत, पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

लावलेल्या झाडांपेक्षा मोठं संकट न लावता आलेल्या झाडाचं आहे. आमच्याकडे तिला येडी बाभूळ म्हणतात. मूळची अमेरिकेतली. १८७७ च्या सुमारास भारतात आली आणि ओसाड जमिनी हिरव्या करायला म्हणून मुद्दाम पसरवली गेली. हिची मुळं फार खोल जातात, दुष्काळात हीच तेवढी हिरवी राहते. तिच्या दाट सावलीत गवत तग धरत नाही. काटा असा की चपलेचा तळ फोडून पायात शिरतो. शेंगा मात्र गोड. शेळ्या खातात, गुरं खातात आणि काळवीटही खातो. टणक बी पोटातून तसंच बाहेर पडतं आणि लेंडीच्या खतात रुजतं. काळविटाच्या नराला ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग करून आपली हद्द राखायची सवय असते. म्हणजे ज्या मोकळ्या जागेवर त्याचं राज्य, तिथेच तो स्वतःच्या हातानं ही बाभूळ पेरतो. पाच-सात वर्षांत जाळी होते, लांबचं दिसेनासं होतं, मोकाट कुत्र्यांना दबा धरायला आडोसा मिळतो, आणि कळप ती जागा सोडतो. कुठे जाणार? मुगात.

गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला हेच झालं. भावनगरच्या महाराजांचं ते कुरण, तिथे चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले. १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे ३४ चौरस किलोमीटरचं. शिकार गेली पण येडी बाभूळ गवतात शिरत राहिली, आणि ती उपटणं हे तिथलं कधी न संपणारं काम होऊन बसलं. आपल्याकडे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून खास काळविटांसाठी आहे. ते जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर, भोवती सगळी शेतं. एवढ्याशा तुकड्यात गवताचा एकेक एकर मोलाचा. मध्य प्रदेशातल्या कान्हात गवतावर जगणारा बारशिंगा १९७० साली अवघा ६६ वर आला होता. त्याला वाचवताना जी कामं झाली त्यांत गवताळ मैदानं राखणं हे मोठं काम होतं, आणि मैदान राखायचं तर त्यात शिरणारी झाडोऱ्याची रोपं काढावी लागतात.

अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे. तिथले शिकारी आपल्या मालकीच्या रानात हरणं वाढावीत म्हणून स्वतः झाडं तोडतात. एक रीत अशी की खोड अर्ध्यावर कापून झाड आडवं वाकवायचं. एका बाजूची साल जोडलेली राहते म्हणून ते जगतं, पालवी हरणाच्या तोंडाशी येते, वरून ऊन पोचतं आणि खाली झुडपं माजतात. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ सालच्या 'गेम मॅनेजमेंट' या ग्रंथात रान सांभाळण्याच्या हत्यारांमध्ये कुऱ्हाडीला जागा दिली होती. पण तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण पाला खाणारं, जाळीत लपणारं. त्याच्यासाठी तोड करायची ती जाळी वाढवायला. तीच रीत आपल्या माळावर आणली तर काळविटाचा घात होईल. कोणतं जनावर, काय खातं, कशाला भितं, हे आधी ठरवल्याशिवाय झाडाला हात लावू नये, असं मला वाटतं.

आमचा स्वतःचा सव्वा एकर मुरमाड तुकडा गायरानाला खेटून आहे. आण्णा गेल्यावर मी तो मोकळा करायला घेतला. तलाठ्याला आणि वनरक्षकाला आधी विचारलं. गायरान सरकारी, त्यावर कुणी आपल्या मनानं कुऱ्हाड चालवू नये. पहिल्या वर्षी माणसं लावून बाभळी बुडापासून तोडल्या. पावसाळ्यानंतर जाऊन पाहते तर एकेका बुडख्यातून पंधरा-पंधरा फोक निघालेले, पहिल्यापेक्षा दाट. त्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या वर्षी चैत्रात जेसीबीनं हातभर खोल उकरून बुडखे काढले. तरी मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं. श्रावणात जमीन मऊ असते, तेव्हा नातवंडांना घेऊन एकेक रोप उपटते.

सगळंच काढलं नाही. एक हिवर आणि दोन बोरी ठेवल्या. दुपारच्या उन्हात कळप त्यांच्या सावलीला टेकतो, बोरं खातो. मारवेल आणि पवन्याचं बी फेकलं आणि दोन पावसाळे शेळ्या आत येऊ दिल्या नाहीत.

सगळ्यात अवघड होता सरपणाचा प्रश्न. आमच्या वस्तीतल्या कितीतरी चुली येड्या बाभळीवर पेटतात. गॅसची टाकी आहे, पण ती भरून आणायला दर वेळी पैसे नसतात. माळ स्वच्छ करा म्हणणाऱ्यानं त्या चुलीकडे पाहिलं नाही तर ते काम टिकणार नाही. मी काढलेलं सगळं लाकूड त्या बायांना दिलं आणि पुढे गवत वाढल्यावर बी झडून गेल्यानंतरची कापणीही त्यांच्या वाट्याला ठेवली. गायरानावर असं काही करायचं झालं तर ग्रामसभेत पहिल्यांदा त्यांनाच बोलू द्यावं.

हरणांनी मूग खाणं थांबवलं का? नाही. कोवळा मूग कुणालाही गोडच लागतो. सव्वा एकर गवतानं एका कळपाचं पोट भरत नाही. त्यात समृद्धी महामार्गाचं कुंपण तालुक्यातून गेल्यापासून जनावरांच्या जुन्या वाटाही अडल्या आहेत. पण आमच्या तुकड्यात आता नर येऊन उभा राहतो, आणि त्याचा लेंड्यांचा ढीग मी दर आठवड्याला काठीनं उकरून बाभळीची रोपं शोधते.

मागच्या वर्षी पोळा होऊन गेल्यावर विळा घेऊन गवताची वाढ बघायला गेले. मादी लांब धुऱ्यापाशी एकटीच उभी होती, भलतीकडेच बघत, जणू इकडे तिचं काही नाही. चार पावलं पुढे गेले आणि मारवेलच्या झुबक्यात पिवळसर काहीतरी दिसलं. पाडस होतं. मान जमिनीला टेकलेली, कान पाठीला चिकटवलेले, डोळा उघडा, अंगावरचा केसही हलत नव्हता. आल्या पावली मागे फिरले. बायांना सांगितलं, हिवराच्या बाजूचं गवत या वर्षी कापायचं नाही.