रेझिनचे फासे : साचा, ओतकाम आणि हिशेब

गेल्या दिवाळीला माझी भाची एक लहानशी डबी घेऊन घरी आली. डबीत निळसर, पारदर्शक, आत सोनेरी वर्ख असलेले सात फासे होते. “मामा, हे मी केले. आता विकायचे म्हणते. मुद्रा लोन मिळेल का?” आयुष्य बँकेत गेले, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि तारण लागत नाही, हे खरे. पण कर्ज मिळेल का आणि ते घ्यावे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर शोधताना या कामाची जी माहिती झाली ती इथे देत आहे. आपल्या मंडळातल्या आणखी काही घरांत रेझिनचे काम सुरू झाले आहे, त्यांना ती उपयोगी पडावी.

फासा म्हटले की आपल्याला लुडो नाहीतर सारीपाट आठवतो. या फाशांचा ग्राहक वेगळा आहे. 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गोष्ट रचत खेळायचा खेळ निघाला. त्यात 4, 6, 8, 12 आणि 20 बाजूंचा एकेक व 10 बाजूंचे दोन, असे सात फासे लागतात. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही तो खेळणारे तरुण आहेत. कारखान्यातला संच स्वस्त मिळत असूनही काही हौशी मंडळी हाताने ओतलेल्या संचाला जास्त पैसे मोजतात, कारण तसाच दुसरा कोणाकडे नसतो.

आपल्या फोपनारला सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यामुळे ओतकाम गावाला परके नाही, असे मी भाचीला गमतीने म्हणतो. काम मात्र चिकाटीचे आहे. आधी एक निर्दोष मूळ फासा लागतो. तो थ्रीडी प्रिंटरवर काढून घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर सिलिकॉन ओतून साचा तयार होतो. मूळ फाशावर ओरखडा राहिला तर तो प्रत्येक प्रतीवर उतरतो. चांगले सिलिकॉन प्लॅटिनमच्या योगाने घट्ट होते. त्याला गंधकाचा संपर्क झाला, अगदी लॅटेक्सच्या हातमोज्यांचासुद्धा, तर ते चिकटच राहते.

मग रेझिन आणि हार्डनर एकत्र करायचे. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते, पण ते वजनाने आहे की मापाने हे नीट वाचावे. अंदाजाने ओतले तर फासा कधीच पुरता कडक होत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात मिश्रण फार लवकर घट्ट होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यात पहाटे काम करावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत रेझिन धुरकट होण्याचा संभव असतो.

खरा शत्रू बुडबुडा. तो वरच्या बाजूला आला तर आकड्याचा कोपरा जातो, आत राहिला तर फाशाचा तोल बिघडू शकतो. म्हणून भरलेला साचा हवेच्या दाबाच्या भांड्यात सुमारे 40 पीएसआयवर ठेवतात, म्हणजे बुडबुडे दिसेनासे होण्याइतके आक्रसतात. घरचा कुकर साधारण 15 पीएसआयचा असतो. त्यात कॉम्प्रेसरने हवा भरण्याचा विचारही कोणी करू नये. भांडे त्या दाबासाठीच बनवलेले हवे.

आणखी एक काळजी. ओले रेझिन अंगाला लागत राहिले तर कायमची ॲलर्जी जडू शकते. नायट्राइलचे हातमोजे, खेळती हवा आणि बाष्पासाठीचा मास्क हवा. घासताना पाणी वापरावे, म्हणजे धूळ उडत नाही. स्वयंपाकघरातली वाटी-चमचा याला वापरू नये.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. दहा संच ओतले, माल आणि साच्याची झीज धरून संचामागे 200 रुपये, म्हणजे 2000 खर्च. ओतणे, घासणे, आकडे रंगवणे यांचे संचामागे 3 तास, म्हणजे 30 तास. विक्री 900 रुपयांना, टपाल व पॅकिंग 80. दहापैकी सहाच संच विकण्याजोगे निघाले तर 5400 मधून 2000 आणि 480 वजा जाता 2920 उरतात. तासाला सुमारे 97 रुपये पडले.

भाची म्हणाली, रेझिन स्वस्तातले आणते. ठीक आहे, समजा 2000 चा खर्च निम्मा झाला. तासाला 131 मिळतील. पण माल तोच ठेवून सहाऐवजी आठ संच चांगले निघाले तर 152 मिळतात. स्वस्त रेझिनने खराबी वाढली आणि चारच संच हाती लागले, तर निम्म्या खर्चातही 76 च. मालाच्या भावापेक्षा खराबीचे प्रमाण जड आहे, हे वहीत मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. आणि बहुतेक जण स्वतःचे तास लिहीतच नाहीत.

दोन सरकारी बाबी. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीची गोष्ट मात्र आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांसाठी नाजूक आहे. लहान उलाढालीला मिळणारी सूट सर्वसाधारणपणे राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. इंदूरला पाठवलेला संच राज्यातला, पण शेजारच्या रावेरला पाठवलेला आंतरराज्य. तिथे एकच संच गेला तरी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. काही हस्तकलांना सवलत आहे, पण आपली वस्तू तिच्यात बसते का, हे करसल्लागाराला विचारूनच पुढे जावे. तसेच 14 वर्षांखालील मुलांची खेळणी म्हणून विकल्यास 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्हाचा नियम लागू आहे. हे फासे लहान मुलाच्या घशात अडकण्याएवढे असतात, तेव्हा मोठ्यांसाठीची वस्तू म्हणूनच ते विकावेत.

भाचीला मी म्हटले, आधी स्वतःच्या पैशाने दहा संच ओत, वही ठेव, मग अर्ज भरू. पहिल्या दहात चार चांगले निघाले. दुसऱ्या दहात सात. दाबाचे भांडे तिने एका मैत्रिणीबरोबर निम्मे-निम्मे पैसे घालून घेतले आहे. अर्ज अजून माझ्या खणात कोरा आहे. तिसरी खेप संक्रांतीनंतर ओतणार आहे.