हृदयाच्या दारातली गाठ

‘डॉक्टर, हृदयाला कॅन्सर होतो का हो?’ क्ष-किरण विभागात इतकी वर्षे काढल्यावर हा प्रश्न किती जणांनी विचारला, त्याची गणती राहिलेली नाही. होतो, पण मूळ हृदयातच उगवलेला कर्करोग इतका विरळा, की कित्येक डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकही पाहिलेला नसतो. बाहेरून आलेला मात्र त्याच्या कितीतरी पट अधिक आढळतो. फुप्फुस, स्तन, अन्ननलिका, छातीतल्या लसीकाग्रंथी ही सारी हृदयाची शेजारमंडळी. एका घराला आग लागली की शेजारच्या भिंतीला झळ बसतेच.

बहुतेकदा ही झळ हृदयाभोवतीच्या दुपदरी पिशवीला, म्हणजे हृदयावरणाला बसते. तिथे पाणी साठू लागते. छातीच्या साध्या फोटोत हृदय फुगून सुरईसारखे दिसते खरे, पण त्यासाठी दोन-अडीचशे मिलिलिटर पाणी जमावे लागते. टूडी एकोला त्याहून फार कमी पुरते. पाणी झपाट्याने वाढले तर हृदयाला फुलायलाच जागा उरत नाही. अशा वेळी एकोच्या पडद्यावर पाहत सुईने पाणी काढतात आणि त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर निदानही होऊन जाते. या एकोची जन्मकथा मजेदार आहे. स्वीडनमधल्या लुंड येथे १९५३ साली डॉ. इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेलमुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. त्यांचे पहिले प्रयोग झाले ते जहाज कारखान्यात धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावर!

दुसरी वाट शिरांची, आणि ती अधिक कपटी. साताऱ्याकडचे साठीतले एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले होते. डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी गाठ, दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यात कर्करोग. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाकडून हृदयाच्या डाव्या कर्णिकेत जाणारी शीर भरलेली वाटली. आता ही रक्ताची गुठळी, की रोगच आत उतरलेला? नुसत्या सावलीला नाव नसते. शिवाय शिरेत टोचलेले औषध रक्तात नीट मिसळले नाही, तरी तिथे खोटी सावली उमटते.

एमआरआय करायचे ठरले. हृदय क्षणभरही स्वस्थ बसत नाही, म्हणून ठोक्यांच्या आलेखाशी मेळ घालून, श्वास रोखायला सांगून चित्रे घ्यावी लागतात. वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणारा हा माणूस, पण दहा सेकंदांच्या पुढे श्वास टिकेना. आम्ही थांबत थांबत पाऊण तास काढला. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर गुठळी सहसा काळीच राहते, कारण तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. जिवंत गाठ मात्र उजळते. इथे उजळली. बोटाच्या पेराएवढा गोळा कर्णिकेत प्रत्येक ठोक्यासरशी डुलत होता.

हे आधी कळणे का महत्त्वाचे? फुप्फुस काढताना ती शीर चिमट्यात दाबली असती, तर तुकडा सुटून थेट मेंदूत जाण्याचा धोका होता. सर्जननी बेत बदलला. हार्ट-लंग मशीनवर रक्ताभिसरण सोपवायचे, कर्णिका उघडायची आणि गोळ्यासकट फुप्फुस काढायचे, असे ठरले. त्याआधी रोग इतरत्र पसरलेला नाही ना, हे पेट स्कॅनने पाहून घेतले. पसरला असता तर एवढा जुगार खेळण्यात अर्थ नव्हता.

मुलगा म्हणाला, ‘दादांना यातलं काही सांगू नका.’ आपल्याकडे घरोघरी हेच चालते. मला ते कधी पटलेले नाही. छाती ज्याची उघडायची, त्याला निदान चित्र तरी पाहू द्यावे. शेवटी त्यांनीच मागितले. पडद्यावरचे ते डुलणे बराच वेळ पाहून म्हणाले, ‘म्हंजे दारात येऊन बसलंय व्हय. काढा मग.’

शस्त्रक्रिया पार पडली, पुढे केमोथेरपीही झाली. दोन वर्षांनी रोगाने मेंदू गाठला आणि ते गेले. मधल्या काळात धाकटीचे लग्न उरकले होते, आणि सोयाबीनचे दोन हंगाम त्यांनी स्वतः उभे राहून घेतले.