छापखान्यात देण्यापूर्वी पान तपासा
डी.टी.पी. करणाऱ्या व्यावसायिकांसाठी काही सूचना

लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले, दुकानाची माहितीपत्रके अशी किरकोळ छपाईची कामे घेणारे आपले अनेक बांधव आहेत. या धंद्यात नफा बेताचा असतो. एका चुकीपायी काम पुन्हा छापावे लागले, तर कागद, प्लेट आणि मजुरी यांचा भुर्दंड अंगावर येतो. शिवाय गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच. पडद्यावर सुबक दिसणारे पान कागदावर बिघडते, त्याची कारणे बहुधा ठरावीक असतात. ती आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

१) सॉफ्टवेअर आणि फाँट : 'पेजमेकर' हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये आल्डस कंपनीने आणले. १९९४ मध्ये ते अ‍ॅडोबीकडे गेले आणि २००१ मधील ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती ठरली. त्याची जागा 'इनडिझाइन'ने घेतली. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पाठवलेला मराठी मजकूर त्यात जसाच्या तसा उतरत नाही. उलट जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतो. कन्व्हर्टर वापरून मजकूर बदलता येतो, पण जोडाक्षरे, रफार आणि आकडे यांत गफलत होऊ शकते. म्हणून बदललेला मजकूर पुन्हा पूर्ण वाचल्याशिवाय पुढे देऊ नये.

इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली दिसली किंवा जोडाक्षरे फुटली, तर फाँटला दोष देऊ नका. परिच्छेदाच्या मेनूत जाऊन 'अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. परवान्याचा खर्च झेपत नसेल तर 'स्क्रायबस' मोफत मिळते. २०२४ च्या १.६ आवृत्तीत देवनागरी आणि अरबी लिपीची सोय आहे. चोरीची प्रत वापरण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला.

२) ओळींतील अंतर : सॉफ्टवेअर आपणहून अक्षराच्या १२० टक्के अंतर धरते, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. इंग्रजीला ते पुरते. मराठीत मात्र वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला किंवा अनुस्वाराला टेकू शकतो. १२ पॉइंटला १६ ते १७ पॉइंट अंतर देऊन पाहा. उर्दू नस्तालीकला याहून जास्त जागा लागते. प्रत्येक ओळीला हाताने आकार देत बसू नका. मथळा, मजकूर आणि पत्ता यांच्या वेगवेगळ्या 'स्टाइल' एकदाच बनवा. मग एका जागी केलेला बदल सगळ्या पानांवर आपोआप होतो.

३) कटिंगची जागा : रंग किंवा चित्र कडेपर्यंत जात असेल, तर चारही बाजूंना ३ मि.मी. जादा ठेवा. ए-५ हँडबिल १४८ × २१० मि.मी. असते, तेव्हा रंग १५४ × २१६ पर्यंत पसरवा. नाहीतर कटिंग जरा सरकले की पांढरी किनार उघडी पडते. फोन नंबर आणि पत्ता कडेपासून निदान ५ मि.मी. आत असावेत.

४) रंग आणि फोटो : मजकुराचा काळा रंग निव्वळ काळाच असावा. फोटो किंवा वर्डमधून आलेला काळा चार रंगांत विभागला जातो आणि प्लेट केसभर हलली तरी बारीक अक्षरे धूसर होतात. फोटो छापायच्या मापाला ३०० डी.पी.आय. हवा. १० सें.मी. रुंद फोटोला सुमारे १,२०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आक्रसलेला असतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

५) बिस्मिल्लाह, आयत आणि उर्दू : येथे चूक झाली तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. अरबी लिपी न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे सुटी होतात आणि क्रम उलटतो. अरबी न वाचणाऱ्या ऑपरेटरला ते समजतही नाही. म्हणून तयार पी.डी.एफ. अरबी जाणणाऱ्या व्यक्तीकडून छापील कुरआनशी ताडून घ्या. जेर-जबर आणि नुक्तेही तपासा. जागेत बसवण्यासाठी अक्षरे आडवी-उभी ताणू नका. हँडबिल रस्त्यावर पडून पायदळी येते, तेव्हा त्यावर आयत नको, हे गिऱ्हाइकाला आधीच नम्रपणे सुचवावे. उर्दू पुस्तिका उजवीकडून उघडते. बायंडिंगवाल्याला हे लिहून द्या.

६) बिलबुक आणि पुस्तिका : जी.एस.टी. क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो. तो गिऱ्हाइकाच्या नोंदणीपत्रावरून घ्या, तोंडी ऐकून नव्हे. बिलाचा अनुक्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. मध्ये टाचण्याच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावीत. १० पानांचा मजकूर असेल तर १२ पानांची आखणी सुरुवातीलाच करा.

७) शेवटची फाइल : छापखान्याला मूळ फाइल न देता पी.डी.एफ. द्या. फाँट आत समाविष्ट आहेत ना आणि जादा ३ मि.मी. व कटिंगच्या खुणा आल्या ना, ते पाहा. कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे 'कर्व्ह' करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, कारण नंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही. ती पी.डी.एफ. दुसऱ्या संगणकावर उघडून कागदावर छापा आणि त्या प्रुफावर गिऱ्हाइकाची सही व तारीख घ्या. लग्नपत्रिकेत नावे, वार, इंग्रजी व हिजरी तारीख आणि फोन नंबर हे बोट ठेवून मोठ्याने वाचून घ्या.

गिऱ्हाइकाचा मजकूर आपल्याकडे अमानत असतो. काम कितीही घाईचे असले तरी सही झाल्याशिवाय प्लेट काढायची नाही, एवढा एक नियम दुकानात पाळला तरी वाद आणि नुकसान पुष्कळ टळेल.